विषारी प्यादे

वाचकहो, या आठवड्यात खतांच्या मात्रा बाजूला ठेवतो. परवा एका गावी पीक पाहणीला गेलो आणि पावसात अडकलो. देवळात दोन पोरे बुद्धिबळ मांडून बसली होती. धाकट्याने फुकट मिळते म्हणून वजिराने एक प्यादे खाल्ले आणि चार खेळ्यांत वजीरच घालवला. पोर रडवेले झाले. त्याला म्हटले, ‘बाळा, हे जगज्जेतेपदाच्या डावातही घडले आहे.’

साल १९७२, आइसलंडमधले रेक्याविक शहर. सोव्हिएत रशियाचा बोरिस स्पास्की जगज्जेता, अमेरिकेचा बॉबी फिशर आव्हानवीर. दहा डावांनंतर फिशर साडेसहा विरुद्ध साडेतीन गुणांनी पुढे होता. अकराव्या डावात काळी मोहरी त्याच्याकडे. बचाव सिसिलियन, त्यातला नायडॉर्फ प्रकार. नाव बचावाचे, पण अंगात खुमखुमी हल्ल्याची! पांढऱ्याचा उंट बाहेर पडला की वजिराकडच्या घोड्याच्या घरापुढचे प्यादे उघडे पडते. फिशरने आठव्या खेळीला वजिराने तेच उचलले. खेळाडू त्याला ‘विषारी प्यादे’च म्हणतात. ते खायला वजीर एकटा शत्रूच्या रानात शिरतो, आणि तेवढ्यात समोरचा आपली मोहरी बाहेर काढून घेतो.

फिशरला हे ठाऊक नव्हते असे नाही. सातव्या डावात हेच प्यादे खाऊन त्याने बरोबरी साधली होती. उंदरांना झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवण्याआधी आपण दोन-तीन दिवस नुसते धान्य ठेवतो, ते मला आठवले. (स्पास्कीने मुद्दाम तसे केले, असे मात्र मी म्हणणार नाही.)

चौदाव्या खेळीला स्पास्कीने पुढे आलेला घोडा उचलून परत मूळ घरात ठेवला. मी पटावर हे दाखवले तेव्हा थोरला म्हणाला, ‘साहेब, ही तर माघार झाली!’ पण त्या घरातून घोड्याचा रोख थेट वजिरावर होता. मग वजिराच्या वाटा एकेक करून बंद होत गेल्या. पंचविसाव्या खेळीला तो पडला, आणि मारला कोणी? खाल्लेल्या प्याद्याच्या शेजारच्या प्याद्याने! एकतिसाव्या खेळीनंतर फिशरने डाव सोडला.

लढत शेवटी फिशरनेच साडेबारा विरुद्ध साडेआठ अशी जिंकली. मात्र उरलेल्या दहा डावांत त्या प्याद्याला त्याने पुन्हा तोंड लावले नाही.

पाऊस उघडला. मी सायकलीकडे निघालो तेव्हा धाकटा पट पुन्हा मांडत होता, काळी मोहरी स्वतःकडे ओढून.