आगकाड्यांची मौज

गेल्या श्रावणात दौंडचे माझे धाकटे बंधू सहकुटुंब शिरूरच्या घरी राहावयास आले होते. दुपारी सारी मंडळी वामकुक्षी घेत असता त्यांचा नातू माजघरात पाटावर आगकाड्या मांडून बसलेला मला दिसला. एक काडी जवभर सरकवावी, डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलने छायाचित्र घ्यावे, पुन्हा काडी सरकवावी, असा त्याचा उद्योग दोन तास चालला होता. बारावीचे वर्ष, पुस्तक बाजूला उपडे पडलेले, आणि हा पोरखेळ! जन्म वर्गात घालविलेल्या माणसाचा हात जसा जावयाचा तसाच माझाही गेला. एका फटक्यासरशी मी सर्व काड्या गोळा केल्या व पेटीत भरल्या. मुलगा उलट बोलला नाही. एवढेच म्हणाला, "मोठे आजोबा, दोनशे चाळीस चित्रे हवी होती. एकशे नव्वद झाली होती."

मागाहून त्याने हिशेब समजावून सांगितला तो असा. सेकंदास बारा चित्रे या मानाने दोनशे चाळीस चित्रांत वीस सेकंदांचा खेळ होतो. काड्या एकत्र येऊन त्यांचा माणूस बनावा, त्याने नमस्कार करावा आणि पुन्हा विखरून जावे, एवढीच त्याची गोष्ट होती.

ज्याला मी पोरखेळ म्हटले तोच खेळ आपल्याकडील एका मोठ्या पुरुषाने एका शतकाहून अधिक काळापूर्वी मांडला होता, हे मला त्यानंतर वाचनात आढळले. दादासाहेब फाळके म्हटले म्हणजे आपणांस ३ मे १९१३ रोजी मुंबईत झळकलेला 'राजा हरिश्चंद्र' तेवढा आठवतो. परंतु दादासाहेबांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' नावाचा एक छोटा चित्रपटही केला होता. युरोपात महायुद्ध पेटलेले, इकडे भांडवलाची टंचाई. अशा दिवसांत नट नाहीत, पोशाख नाहीत, केवळ काड्यापेटीतील काड्या घेऊन त्यांनी त्या नाचविल्या. तो चित्रपट आज पाहावयास मिळत नाही. नाव मात्र राहिले आहे.

याचे बीज त्याआधीच पडले होते, आणि ते अक्षरशः बीजच होते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका संस्कृत पंडिताच्या घरी झाला. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा धंदा, पुराणवस्तू खात्यातील नोकरी, आपल्याच जिल्ह्यातील लोणावळ्याचा छापखाना, असे फिरत फिरत चाळिशी उलटल्यावर ते चलच्चित्रांकडे वळले. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले आणि विद्या शिकून व यंत्राची तजवीज करून परत आले. पण भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिन्याभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करीत राहिले. बी फुटते, कोंब वर येतो, वेल चढू लागते, हे सारे पडद्यावर क्षणार्धात घडलेले पाहून धनिक मंडळी चकित झाली व पैसा उभा राहिला. त्या लहानशा चित्रपटाचे नाव 'अंकुराची वाढ'.

योगायोग असा की, त्याच सुमारास रशियन साम्राज्यातही एक गृहस्थ अशाच उद्योगात गढले होते. व्लादिस्लाव स्तारेविच यांचा जन्म १८८२ साली मॉस्को येथे पोलिश कुटुंबात झाला. कोव्हनो येथील संग्रहालयाचे काम पाहत असता दोन भुंग्यांची झुंज चित्रित करावी असे त्यांच्या मनात आले. परंतु दिव्यांच्या प्रखर उजेडात भुंगे निपचित पडत. अखेर त्यांनी मेलेल्या भुंग्यांना मेणाने तारेचे पाय जोडले व एकेक पाय हलवीत एकेक चित्र घेतले. १९१२ साली मॉस्कोहून निघालेले त्यांचे कीटकांचे चित्रपट पाहून लोकांस वाटले की, हे किडे शिकवून तयार केलेले आहेत! क्रांतीनंतर ते फ्रान्समध्ये गेले आणि १९६५ साली तेथेच वारले. मृत भुंगा काय किंवा वाळकी काडी काय, अचेतनात चेतना आणावयाची म्हणून या प्रकारास मराठीत सचेतनपट म्हणतात, ते यथार्थच आहे.

आपल्या जिल्ह्याचाही या विद्येशी संबंध आहे. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट काढला. जंबुक म्हणजे कोल्हा, हे संस्कृत शिकलेल्या वाचकांस सांगावयास नकोच.

आता घरातील वडीलधाऱ्यांच्या मनातील शंका मी टाळू इच्छीत नाही, कारण ती माझ्याही मनात होती. कला पोट भरते काय? फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटासाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. इतकेच नव्हे, तर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून फिल्म धुण्याची व तिला छिद्रे पाडण्याची कामेही त्या बाईने शिकून घेतली. आणि इतके करून १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेब वारले, ते विपन्नावस्थेतच. तेव्हा मुलाच्या बापास काळजी वाटली तर ती भ्याडपणाची नव्हे. दौंडला आमच्या पुतण्याची रेल्वेतील नोकरी आहे. मुलाने इंजिनिअर व्हावे ही त्याची इच्छा असणे स्वाभाविकच आहे.

परंतु आळस आणि अभ्यास यांतील भेद आपण डोळे उघडे ठेवून पाहिला पाहिजे. जो मुलगा एका जागी दोन तास बसून एकशे नव्वद वेळा एकच कृती न कंटाळता करतो, त्यास आळशी म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. वर्गात ज्या चिकाटीसाठी मी मुलांना आयुष्यभर रागावलो, ती घरात समोर दिसली तेव्हा मी तिला ओळखले नाही.

दिवाळीत मी दौंडला गेलो. पुतण्या, सूनबाई, बंधू आणि मी अशी चार जणांची बैठक झाली, आणि असे ठरले की, बारावीचा अभ्यास न चुकविता मुलाने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा द्यावी. तेथे ही विद्या रीतसर शिकवितात. प्रवेश न मिळाल्यास बापाचे ऐकावे. मुलाने ते कबूल केले.

जाताना मी काड्यांची नवी पेटी नेली होती. मोडलेला खेळ तेथून पुढे चालू करता येत नाही, तो पहिल्या चित्रापासूनच मांडावा लागतो, हे मला तेव्हा कळले. ऊन सरकले की चित्रातील उजेड बदलतो, म्हणून खिडकी लावून दिवा धरण्याचे काम माझ्याकडे आले. दोनशे चाळीस चित्रे होईपर्यंत मी दिवा धरून बसलो होतो. मध्ये एकदा माझा हात हलला, तेव्हा तेवढे चित्र त्याने पुन्हा घेतले. मला मात्र तो काही बोलला नाही.