फडके, सँगरबाई आणि आमचं वर्धा

ना. सी. फडक्यांचं नाव काढलं की आपल्या पिढीची प्रतिक्रिया ठरलेली असते. "ते गुलाबी कादंबऱ्यांवाले ना? आजीच्या वेळचे?" रुबाबदार नायक, सुंदर नायिका, मध्ये गैरसमज आणि शेवटी मीलन. संपला विषय. माझ्या मते हा माणूस त्याहून बराच इंटरेस्टिंग आहे, आणि थोडा धोकादायकही.

पेशाने ते प्राध्यापक. शिकवायचे काय, तर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान! म्हणजे वर्गात लॉजिक आणि घरी रोमान्स. १९१७ साली आलेली पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर' मेरी कोरेलीच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली. मग १९७८ मध्ये जाईपर्यंत सत्तरच्या वर कादंबऱ्या. एवढं लिखाण 'मूड लागला की लिहू' म्हणून होत नाही राव. १९३१ साली त्यांनी 'प्रतिभासाधन' लिहिलं. गुंता कसा निर्माण करायचा, उत्कंठा कशी ताणायची, उकल कुठे करायची, हे तंत्र शिकता येतं असं त्यांचं म्हणणं. तंत्राच्या या आग्रहावर पुष्कळ टीका झाली. मला मात्र, रोज डिझाईन डॉक्युमेंट लिहिणाऱ्याला, हे एकदम पटतं.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच पुस्तकाबद्दल. १९२७ साली फडक्यांनी इंग्रजीत 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' लिहिलं. लग्न, लैंगिक जीवन, संततिनियमन यांवर उघड चर्चा. प्रस्तावना कोणाची? मार्गारेट सँगर, अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या पुढारी. आणि इथे आमचं वर्धा येतं. याच सँगरबाई डिसेंबर १९३५ मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या. त्या म्हणत होत्या, बाईच्या हातात साधनं द्या. गांधीजी म्हणत होते, मार्ग एकच, संयम. जमलं नाहीच. आमच्याकडे गांधीजींना कोण कोण भेटायला आलं याच्या गोष्टी खूप सांगतात, पण या भेटीबद्दल मी शाळेत एक अक्षर ऐकलं नाही.

म्हणजे बघा, ज्यांना आपण चांदण्यातले लेखक म्हणून बाजूला ठेवतो, ते त्या काळच्या सगळ्यात अवघड प्रश्नावर नावानिशी लिहीत होते. शिकलेल्या मुलीने आपला जोडीदार आपण निवडावा, हे त्यांच्या कादंबऱ्यांमधून घराघरात गेलं. वैचारिक लेख वाचणारे किती होते? कादंबरी मात्र माजघरापर्यंत पोचायची.

आता दुसरी बाजू. ते पुस्तक नुसतं संततिनियमनाचं नव्हतं. ते 'युजेनिक्स'च्या चळवळीसाठी होतं. म्हणजे चांगली संतती कोणाची, कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी नाही, हे ठरवण्याचं 'शास्त्र'. तेव्हा जगभर ही फॅशन होती. पुढे जर्मनीत त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. निवडीचं स्वातंत्र्य मागणारा लेखक त्याच पुस्तकात काहींची निवड काढून घेणाऱ्या विचाराची बाजू घेतो, हे मला खटकतं. 'काळच तसा होता' म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

कारण काळ अजून तसाच आहे. मॅट्रिमोनी साईटवर आपण पोटजात, उंची, रंग, पॅकेज असे फिल्टर लावतो आणि जे उरेल त्याला 'माझी निवड' म्हणतो. ऑफिसात लव्ह मॅरेजवर भाषण देणारे मित्र घरी पत्रिका जुळवतात. प्रेम हवं, पण आपल्यासारख्याच माणसाशी. फडक्यांचे नायक-नायिका तरी कुठे वेगळे होते? सगळे शिकलेले, सुस्थितीतले, एकाच थरातले.

म्हणून म्हणतो, फडके जरूर वाचा. हसण्यासाठी नको. त्यांची नायिका कोणाला निवडू शकते हे बघा, आणि त्याहून जास्त, तिच्यासमोर कोण कधी येतच नाही हे बघा. मग आपला फिल्टर उघडून तोच प्रश्न विचारा.