पाहुणा हे आंतरपीक



गेल्या पंधरवड्यात एक सभासद गट ऑफिसला आले. म्हणाले, "साहेब, रस्त्याकडेचा दोन एकर खोडवा मोडतो. खोल्या बांधायच्या अन् पोहायचा तलाव. पुण्या-मुंबईची माणसं येतात म्हणे." आम्ही त्यांना चहा सांगितला आणि हिशेबाला बसलो.

तलाव ३० फूट लांब, १५ फूट रुंद, ४ फूट खोल धरला तरी एकदा भरायला ५०,००० लिटर पाणी. एप्रिल-मे महिन्यात ठिबकवरच्या एक एकर उसाला हे पाणी साधारण २ दिवस पुरते. आठवड्याला तलावाचे पाणी बदलायचे, तर त्या एकराचे आठवड्यातले दोन दिवस गेलेच. आणि गर्दी नेमकी शाळांच्या सुट्टीत, विहिरीनं तळ गाठलेला असताना!

आमचा कृषी पर्यटनाला विरोध नाही. अडसाली लावली की बिल हातात पडायला सव्वा-दीड वर्ष जातं, तोवर घरखर्चाला आधार हवाच. पण आपण उसात हरभरा, कांदा घेतो तसाच पाहुणा धरावा. आंतरपिकासाठी कुणी ऊस मोडतं का?

महाबळेश्वर तालुक्यातले भिलार पाहा. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. २५ ठिकाणी पुस्तकं मांडली, ती लोकांच्या राहत्या घरांत, शाळेत, देवळात. स्ट्रॉबेरीची शेती चालूच राहिली.

आपल्याकडे तरी दाखवायला काय कमी आहे? हिवाळ्यात गुऱ्हाळ लागतं, काहिलीत रस उकळू लागला की शहरातली पोरं तिथून हलत नाहीत. जोडीला हुरडा, चुलीवरची भाकरी. एक मात्र बजावतो. तोडणी टोळीच्या कोपीत पाहुण्यांना डोकावू देऊ नका, फोटो तर नाहीच. ते त्यांचं घर आहे.

राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. त्यात एकटा शेतकरी येतो, तशी कृषी सहकारी संस्थाही येते. एकट्यानं कर्ज काढून इमारत उठवण्यापेक्षा दहा घरांनी मिळून एकेक खोली द्यावी, असं आमचं प्रांजळ मत आहे.

त्या सभासदांनी खोडवा ठेवला आहे. खोल्यांचा नाद सुटलेला नाही, जुन्या घराची माडी दुरुस्त करणार म्हणतात. पाचट जाळली नाही ना, ते बघायला आम्ही गुरुवारी जाणार आहोत. तेव्हा माडीही पाहू.