गुरूचा गाभा : प्रश्न वेळेचा

महाबळेश्वर, विशेष प्रतिनिधी

पावसाळ्यात महाबळेश्वरचे ढग थेट जमिनीला टेकतात. ढगात शिरून मोजमापे घेण्याची ही सोय लक्षात घेऊन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये येथे मेघभौतिकी प्रयोगशाळा सुरू केली. ढगातील जलबिंदूंचा अभ्यास येथे होतो. गुरू ग्रहाशी त्याचा थेट संबंध नाही. मात्र या बिंदूंचा पाऊस कसा होतो आणि गुरूसारख्या महाकाय ग्रहाचा गाभा कसा घडतो, या दोन कोड्यांत एक विलक्षण साम्य आहे. अतिसूक्ष्म कणांनी मर्यादित वेळेत मोठे व्हायचे कसे, हाच दोन्हीकडचा प्रश्न.

ढगातील बिंदू हवेतील एखाद्या कणाभोवती तयार होतो. बाष्प शोषून तो वाढतो. पण त्रिज्या मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास गेली की ही वाढ मंदावते. पुढे मोठे बिंदू खाली येताना लहानांना सामावून घेतात. ढग विरण्यापूर्वी हे घडले नाही, तर पाऊस पडत नाही.

नवजात ताऱ्याभोवतीच्या वायू आणि धुळीच्या तबकडीतही असाच अडथळा येतो. धूलिकण एकमेकांना चिकटून खड्याएवढे होतात. मात्र त्यापुढे टक्कर झाली की चिकटण्याऐवजी फुटतात. मीटरभर आकाराचे धोंडे वायूच्या विरोधामुळे वेग गमावून ताऱ्याकडे ओढले जातात. त्यातच तबकडीतील वायू काही दशलक्ष वर्षांत, फार तर कोटभर वर्षांत नाहीसा होतो. पृथ्वीच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा गाभा त्याआधी तयार झाला, तरच तो वायू वेगाने खेचून घेऊ शकतो. पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमानाचा गुरू असाच घडला, असे प्रचलित सिद्धान्त मानतो. मोठ्या पिंडांच्या टकरींतून हा गाभा घडण्यास लागणारा काळ मात्र या मुदतीत जेमतेमच बसत होता.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेल्या गणितांनी या कोंडीतून वाट दाखवली. खड्यांना अडवणारा वायूच त्यांचा वेग कमी करून त्यांना वाढत्या गाभ्याच्या कवेत ढकलतो आणि वाढ कितीतरी पटींनी जलद होते. अॅलन बॉस यांनी १९९७ मध्ये पुढे आणलेला पर्याय वेगळा आहे. त्यात तबकडीचा एखादा भाग स्वतःच्या गुरुत्वाने एकदम कोसळतो. आधी गाभा लागतच नाही.

या वादाचा निकाल ग्रहाच्या पोटात लागेल, अशी अपेक्षा होती. २०१६ मध्ये गुरूजवळ पोहोचलेल्या ‘जुनो’ यानाने मात्र गुंता वाढवला. गुरूचा गाभा घट्ट गोळ्यासारखा नसून विरघळल्यासारखा, त्रिज्येच्या जवळपास निम्म्या भागापर्यंत पसरलेला असावा, असे त्याच्या मोजमापांतून दिसले. शनीच्या कड्यांतील लहरींवरून २०२१ मध्ये तेथेही असाच निष्कर्ष निघाला. एका प्रचंड टकरीने गुरूचा गाभा विस्कटला, हे २०१९ मधील स्पष्टीकरण होते. २०२५ मधील नव्या गणितांनी त्यावरही प्रश्नचिन्ह लावले.

या चर्चेत भारताचाही वाटा आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या अडीच मीटर दुर्बिणीवरील ‘पारस-२’ उपकरणाच्या साह्याने शोधलेला ‘टीओआय-६६५१ बी’ हा ग्रह २०२४ मध्ये जाहीर झाला. वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे साठपट, त्रिज्या मात्र पाचपटच. त्याचा सुमारे ८७ टक्के भाग खडक आणि लोहाचा असावा, असा अंदाज आहे. दहापट गाभा पुरेसा असताना एवढा जड पिंड वायूचे मोठे आवरण न घेता राहिला कसा? की होते ते आवरण गमावले? सिद्धान्ताला याचे उत्तर द्यावे लागेल.

जगातील महाकाय दुर्बिणींच्या तुलनेत अडीच मीटरची दुर्बीण लहानच. पण ग्रहाचे वस्तुमान ठरवण्यासाठी ताऱ्याचे पुन्हा पुन्हा निरीक्षण करावे लागते आणि मोठ्या दुर्बिणींवर तेवढ्या रात्री सहजी मिळत नाहीत. महाबळेश्वरच्या ढगांत काय किंवा अबूच्या आकाशात काय, अशा प्रश्नांची उत्तरे वर्षानुवर्षांच्या सलग नोंदींतूनच मिळतात. विज्ञानाचा निधी ठरवताना झगमगत्या मोहिमांइतकेच वजन या नोंदींनाही मिळायला हवे.