नशा एकाची, शिक्षा दुसऱ्याला

मद्यपान करून मोटार हाकणारा इसम रस्त्यावरील निरपराध माणसाचा बळी घेतो, तेव्हा सारा समाज एकच प्रश्न विचारतो : त्याला शिक्षा काय झाली? प्रश्न रास्तच आहे. परंतु जो गेला त्याच्यामागे राहिलेल्या बायकामुलांची चूल कशी पेटते, हा प्रश्न त्या गदारोळात क्वचितच ऐकू येतो. कायद्याची खरी कसोटी मात्र या दुसऱ्याच प्रश्नात आहे.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर, पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली. सात जण प्राणास मुकले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.११२ टक्के आढळले; म्हणजे कायद्याने घातलेल्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली ती १२ जानेवारी २०१२ रोजी. गुन्हा व अंतिम निकाल यांत पाच वर्षांहून अधिक काळ गेला. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला पाच वर्षे म्हणजे काय, हे सांगावयास नको. फौजदारी न्याय आपल्या गतीने चालेल. भुकेला मात्र तारखा देता येत नाहीत.

म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला आणि दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमली. मृताचे वय, त्याची मिळकत व अवलंबितांची संख्या पाहून भरपाई कशी ठरवावी, याचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घालून दिले. मृताची मिळकत पुढे वाढली असती हेही हिशेबात धरावे, असे २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले. इथवर सारे ठीक आहे.

गाठ पडते ती पुढे. २०१९ च्या दुरुस्तीने विमा कंपनीला दाव्यापासून बचाव करण्याची जी कारणे मान्य केली, त्यांत चालकाच्या नशेचा समावेश झाला. आता पीडित कुटुंबाची कोंडी पाहा. चालक नशेत होता हे सिद्ध झाले नाही, तर त्याच्या गुन्ह्याचे गांभीर्य उणावते. सिद्ध झाले, तर विमा कंपनी पॉलिसीतील अटीकडे बोट दाखविते. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही अवस्था आहे.

गुन्हेगाराच्या पापाचा भार आम्ही का वाहावा, असे विमा कंपन्या विचारतील. त्यांनी तो कायमचा वाहावा असे कोणीच म्हणत नाही. पण पॉलिसी दिली कंपनीने, हप्ता घेतला कंपनीने, अट मोडली चालकाने. या साऱ्या व्यवहारात पदपथावरून जाणाऱ्या माणसाचा संबंध काय? ज्या करारावर त्याची सही नाही, त्या कराराच्या भंगाची शिक्षा त्याच्या विधवेने भोगावी, हा न्याय नव्हे. सक्तीचा विमा मुळी त्याच्यासाठीच निर्माण झाला आहे.

न्यायालयांनी हे तत्त्व ओळखले आहे. विमा कंपनीने भरपाई आधी द्यावी व मागाहून दोषीकडून वसूल करावी, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये चालकाच्या परवान्यासंबंधीच्या वादात दाखविला. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तोच नशेच्या प्रकरणी अवलंबिला. परंतु हक्क हा निकालपत्रांत शोधावा लागू नये. प्रत्येक विधवेने वकील गाठून तोच वाद नव्याने लढवावा, ही अपेक्षा क्रूरपणाची आहे.

दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख रुपये मिळण्याची सोय कायद्यात आहे, हे खरे. पण ते एकदा स्वीकारले की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. येथे कायदाच गरजवंताच्या निकडीचा फायदा घेतो.

आमचे मागणे साधे आहे. चालकाची नशा हे तृतीय पक्षाची भरपाई नाकारण्याचे कारण होणार नाही. कंपनी आधी पैसे देईल व नंतर ते चालक आणि मालक यांच्याकडून वसूल करील, हे शब्द संसदेने कायद्यातच लिहावेत. आणि तातडीची रक्कम अंतिम भरपाईतून वळती व्हावी, तिने अंतिम भरपाईचे दार बंद करू नये. वसुलीसाठी दारुड्याच्या मागे धावण्याचे बळ कंपनीच्या अंगी आहे. मृताच्या पोरक्या मुलांच्या अंगी ते नाही. एवढा भेद कायद्याला कळू नये काय?