आकडा जनुकांचा, उतारा उसाचा

गळीत हंगाम संपत आला की करवीर-शिरोळकडच्या शेतकी कार्यालयांत को ८६०३२ या उसाच्या जातीबद्दल एक तक्रार हमखास कानावर येते: '८६०३२ मध्ये आता दम राहिला नाही.' त्यातच उसाचा जनुकीय नकाशा आल्याच्या बातम्या झळकल्याने, उसात जनुके किती आणि ती वाढवता येतील का, अशी विचारणाही होऊ लागली आहे.

आकड्यांनी आजवर भल्याभल्यांना चकवले आहे. १९९० च्या दशकात माणसाची जनुके लाखभर धरली जात. २००१ च्या आराखड्यात ती तीस-चाळीस हजारांवर आली. आज प्रथिने घडवणारी जनुके वीस हजारांच्या आसपास मानतात. मातीतल्या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीचीही साधारण तेवढीच. २००५ च्या नकाशात भाताची मात्र सदतीस हजार भरली!

उसाचे गणित आणखी गुंतागुंतीचे. कोइंबतूरला बार्बर आणि वेंकटरामन या ऊस पैदासकारांनी गोड उसाचा संकर रानटी उसाशी, म्हणजे आपल्या नदीकाठच्या कसाडाशी, घडवला आणि १९१८ मध्ये को २०५ आला. त्या घराण्यातल्या आजच्या जातींत गुणसूत्रे शंभर ते एकशे तीस. जवळच्या नात्यातल्या ज्वारीत ती अवघी वीस. पण उसाकडे म्हणून पाचपट निराळी जनुके आहेत असे नाही. एकाच जनुकाच्या आठ-दहा किंवा अधिक प्रती असतात, त्याही थोड्याथोड्या वेगळ्या. त्यातली कोणती प्रत कामाला लागते आणि किती, यावर पुढचे ठरते. २०२४ मध्ये आर ५७० या जातीचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध झाला, त्यातही पैदासकाराच्या उपयोगाची गोष्ट एकूण बेरजेत नव्हती. तांबेऱ्याला रोखणारा नेमका तुकडा हाती लागला, ती होती.

आता पुन्हा दम गेल्याच्या तक्रारीकडे. ८६०३२ चे बेणे कांडीने वाढते. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आलेली तिची जनुके शेताशेतांत बव्हंशी तीच आहेत. काणी आणि गवताळ वाढ हे रोग मात्र कांडीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, आणि दोष जातीच्या माथी बसतो. बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया आणि त्रिस्तरीय बेणेमळा यांचे काम इथे आहे. तरीही खोडव्यातलेच बेणे उचलून लावण करणारे कमी नाहीत. आडसालीच्या नोंदी घेताना जातीच्या नावाशेजारी बेणे कोणत्या मळ्यातले आणि किती महिन्यांचे, हे रकाने शेतकी खात्याने भरून घ्यावेत.