एकाच पाणवठ्यावर

निवासी विद्यालयात रोज सकाळी मुले त्रिसरण-पंचशील ग्रहण करतात. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे पहिले शील प्रत्येकाला मुखोद्गत असते. तरीही दुपारी आवारात शिरलेल्या कुत्र्यावर दगड भिरकावला जातो, आणि रात्री वसतिगृहात एखादा मोठा मुलगा लहानाच्या पाठीत गुद्दा घालतो. शील पाठ होणे आणि अंगी बाणणे यांतील अंतर कसे मिटवावे, हा प्रश्न शिक्षक म्हणून मला वर्षानुवर्षे सतावत आला आहे.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी सिद्धार्थ, देवदत्त आणि बाणाने जखमी झालेल्या पक्ष्याची कथा सांगत होतो. मारणाऱ्यापेक्षा वाचविणाऱ्याचा अधिकार मोठा, असा समारोप केला. तेवढ्यात एका ऊसतोड कामगाराचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमचा बैल आजारी पडला की मुकादम औषधाचं विचारतो. आईला ताप आला की खाडा मांडतो." वर्ग स्तब्ध झाला. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस पोसला जातो. हंगामात पहाटेच्या थंडीत उसाने लादलेल्या बैलगाड्या कारखान्यांकडे निघतात. जुवाखाली बैलाचा खांदा सुजतो, आणि मोळ्या वाहून त्याच गाडीवानाच्या बायकोची मान अवघडते. त्या मुलाने दोन्ही दुःखे जवळून पाहिली होती. मी मात्र त्याला एकाच दुःखाचा धडा शिकवीत होतो.

इतिहासाचा अभ्यासक या नात्याने मला महाड आठवले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो अस्पृश्य मानलेल्या माणसांना. मुक्या जनावरांवर दया दाखविणारा आणि माणसाचा विटाळ मानणारा समाज आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगला आहे. मेलेली ढोरे ओढण्याचे कामही त्याच समाजाने त्यांच्या माथी मारले होते. म्हणूनच भूतदयेचा उपदेश ऐकताना आपल्या मुलांच्या मनात शंका उमटली, तर तिला उद्धटपणा म्हणू नये. ती इतिहासाची स्मृती आहे.

परंतु या शंकेवरून प्राण्यांची काळजी हा आपला विषयच नव्हे, असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या अशा दोन्ही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नोंदविले आहे. रस्त्याकडेला विहिरी खोदल्या, झाडे लावली, तीही माणसे व पशू या दोघांच्या उपयोगासाठी. चवदार तळ्याने माणसाला वगळले होते. अशोकाच्या विहिरीने कोणालाच वगळले नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे. करुणा माणसांविषयी असते. मैत्री शत्रूला आणि सर्व प्राणिमात्रांना कवेत घेते. मैत्री करुणेच्या पुढे जाते, तिला वळसा घालून जात नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही समतेची प्रतिज्ञा आहे आणि प्राणिमात्रांवरील दयेचीही.

तेव्हा करावे काय? माझ्या मते उपदेश कमी करून जबाबदारी द्यावी. उन्हाळ्यात विद्यालयाच्या फाटकाबाहेर पाण्याचा हौद भरलेला ठेवावा, आणि तो धुण्या-भरण्याची पाळी मुलांना नेमून द्यावी. त्याच्याशेजारी वाटसरूंसाठी माठही असावा. हौद भरणाऱ्यानेच माठ भरावा. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य किंवा इंदापूरजवळच्या कडबनवाडीचे माळरान मुलांना दाखवावे. चिंकारा दुरूनच पाहावा, त्याच्यामागे धावू नये, हे तेथे शिकता येते. दुसऱ्या जिवाच्या भीतीची जाणीव होणे, ही सहानुभूतीची पहिली पायरी आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात खांदेसूज झालेल्या बैलावरील उपचार पाहावेत, आणि परतल्यावर त्या बैलाच्या मालकाच्या मजुरीविषयीही वर्गात बोलावे. वसतिगृहात लहान मुलावर हात उगारणाऱ्याला नुसती शिक्षा न देता आजारी सोबत्याच्या शुश्रूषेची जबाबदारी द्यावी.

1976 साली संविधानात समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे कर्तव्य आहे. आपण ते जरूर शिकवू. पण त्याच संविधानाचे सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करते, हेही त्याच तासाला शिकवू.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणालो, "तू विचारलेस ते बरोबर आहे. कालचा माझा धडा अपुरा होता." त्या आठवड्यात हौदाची पहिली पाळी त्याने आपणहून मागून घेतली. त्याने हौद भरला, आणि मग कोणी न सांगता माठही भरला.